एका सुरात

चिमणीचे डोळे ठणठणीत आहेत हे धाकटीला शनिवारी दुपारी कळलं आणि ती हादरली. लेकीची नजर चांगली निघाली म्हणून आईने घाबरून जावं, असं दुसऱ्या कुठल्या घरात घडलं नसतं. पण हे घर मास्तरांचं होतं. इथे सुखाच्या बातम्याही वाकड्या वाटेने यायच्या.

धाकटी म्हणजे अण्णा मास्तरांची धाकटी सून. लग्न होऊन लेक तिसरीत गेली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत, आणि आता तिलाही ते नावच आपलं वाटायला लागलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात ती नजर तपासायची. डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रत्येकाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा, भिंगं बदलून बदलून बघायची. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून चिमणी दुपारी दवाखान्यात येऊन बाकावर पाय हलवत बसायची.

त्या दिवशी शेवटी एक वयस्कर गृहस्थ आले. खुर्चीत बसले, तक्त्याकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "बाई, मला अक्षर येत नाही." अशांसाठी दवाखान्यात दुसरा तक्ता होता. त्यावर नुसते तीन दातांचे काटे काढलेले. कुणाचे दात वर, कुणाचे खाली, कुणाचे डावीकडे, कुणाचे उजवीकडे, आणि ओळीगणिक काटे बारीक होत गेलेले. दात कुठे आहेत ते हाताने दाखवायचं, झालं. दवाखान्यात त्याला सगळे 'अडाणी तक्ता' म्हणत. धाकटीला तो शब्द आवडत नसे, पण सवयीने तिच्याही तोंडी तोच बसला होता.

गृहस्थांनी मधल्या ओळीपर्यंत दाखवलं आणि हात टेकले. मागे बाकावर मात्र चिमणीला चेव चढला होता. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, आणि हाताचा खेळ चाललेला, वर, खाली, इकडे, तिकडे. धाकटी आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की पोर त्या गृहस्थांच्या कधीच पुढे निघून गेली आहे. ते अडले तिथून खाली, शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, तेही खुर्चीच्या मागून, बिनचष्म्याने, एकही चूक न करता.

गृहस्थ गेल्यावर धाकटी म्हणाली, "चिमणे, परत दाखव बरं मला."

चिमणीने आनंदाने परत दाखवलं. एक डोळा झाकून दाखवलं, दुसरा झाकून दाखवलं. मग धाकटीने अक्षरांचा तक्ता लावला. पोरीचे हात खाली आले. तिने घाईघाईने चष्मा चढवला, वरची दोन मोठी अक्षरं सांगितली, आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "पुढचं धूसर दिसतंय, आई."

ती वरची दोन अक्षरं तिला पाठ होती. गेलं वर्षभर ती तीच दोन अक्षरं सांगत होती.

फळ्यावरचं वाचताना चिमणी अडते, डोळे बघून घे, असं तिला शाळेत शिकवणाऱ्या ताईच, धाकटीच्या नणंद, म्हणाल्या होत्या. यंत्राने अगदी किरकोळ नंबर दाखवला. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांच्या बाबतीत यंत्र फसतं, वाचून काय सांगते त्यावर जा. पोर दोन अक्षरांपुढे सरकेना. धाकटीने नंबर दिला. पोर डोकं दुखतं म्हणायला लागली, तेव्हा वाढवून दिला. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर तिने पहिल्यांदा हेच विचारलं असतं, याला वाचता येतं का? हा प्रश्न ती रोज विचारायची. पण ही अण्णा मास्तरांची नात, ताईंची भाची, शाळा तपासनिसाची मुलगी. हिच्या बाबतीत तो प्रश्न डोक्यात येणंच शक्य नव्हतं. शिवाय चिमणी वाचायची की! घडाघडा वाचायची. गेल्या वर्षी विभागातल्या सगळ्या शाळांत तिचं वाचन पहिलं आलं होतं.

धाकटीने चष्मा तिच्या नाकावरून काढला नाही. काढून घरी काय सांगायचं, हे तिला सुचेना.

*

रविवारी सगळे अण्णांकडे जेवायला जमले ते काही हौसेने नाही. विभागात सरकारी प्राथमिक शाळा तीन, मुलं कमी होत चाललेली, आणि त्यातली एक बंद करायची असं वर ठरलेलं. कुठली, ते बुधवारी समिती येऊन बघणार होती. तिन्ही शाळांची तुलना करून समितीपुढे ठेवायचं काम आलं होतं धाकटीच्या नवऱ्याकडे. तो शिक्षण खात्यात तपासनीस. कार्यालयात त्याला साहेब म्हणत आणि घरात अजून बाळ.

त्या तिघींपैकी ओढ्याकाठची खालची शाळा म्हणजे या घराची शाळा. अण्णांनी ती एका खोलीपासून उभी केली, निवृत्त झाले तेव्हा थोरल्या मुलीच्या, ताईंच्या हाती दिली. ताईंनी लग्न केलं नाही, शाळाच केली, असं अण्णा कौतुकाने सांगत. त्या कौतुकाला ताई कधी हसल्या नाहीत, हे धाकटीने पाहून ठेवलं होतं.

"मला विचाराल तर," ताट पुढे ओढत दादा म्हणाले. दादा मधले, शहर बस चालवायचे. "समितीबिमिती कशाला हवी? मी रोज तिन्ही शाळांपुढून बस नेतो. नुसत्या कानाने सांगतो. टेकडीवरची वरची शाळा, तिथे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. काचा लावल्यात ना! आत पोरं आहेत की मासे, कळत नाही."

"तुमचाच मुलगा जातो त्या शाळेत," थोरली म्हणाली. ती दादांची बायको, मोठी सून. "मासा म्हणा हवं तर, पण प्रत्येक वर्गाला वेगळी बाई आहे तिथे. एका खोलीत दोन इयत्ता कोंबलेल्या नाहीत."

ताईंनी मान वर केली नाही. अण्णांच्या कपाळावर मात्र आठी पडली. थोरलीने मुलाला वरच्या शाळेत घातलं तेव्हा अण्णांनी तिच्याशी किती तरी दिवस अबोला धरला होता. घरची शाळा सोडून पोराला परक्याच्या दारात का बसवायचं, असं तेव्हा धाकटीही म्हणाली होती. ताईंच्या बाजूने, चार माणसांत. थोरली ते विसरली नव्हती.

"मग फाटकाजवळची," दादांनी घोडं पुढे दामटलं. "रेल्वे फाटक पडलं की माझी बस त्या शाळेसमोरच उभी राहते. गाडी धडधडत गेली की शिकवणं बंद. बाई खडू हातात धरून उभ्या. पोरं आपली पुस्तकात डोकी घालून बसलेली. ती गेली की दुसरी येते. त्या शाळेत शिकवतात कधी, देव जाणे! आणि आपली खालची शाळा. वळणावर आलो की सूर ऐकू येतो. सगळी पोरं एका आवाजात. एक शब्द इकडेतिकडे नाही. माझे प्रवासीसुद्धा म्हणतात, मास्तरांची शाळा."

"तो सूर मी लावलाय," अण्णा म्हणाले. त्यांची पाठ ताठ झाली. "मोठ्यांनी म्हणायचं, धाकट्यांनी ऐकायचं. पुढच्या वर्षी तेच धाकटे म्हणतात. एका खोलीत दोन इयत्ता हे तुम्हाला कमी वाटतं. ती माझी पद्धत होती."

"अण्णा, पद्धतीवर कुणी बोट ठेवत नाहीये," बाळ म्हणाला. तो ताटातल्या भाताला नुसती बोटं लावत होता. "इमारतीच्या बाबतीत आपली शाळा शेवटची आहे. छत गळतं, मैदान नाही. मुलांची संख्याही फाटकाजवळच्या शाळेपेक्षा थोडी कमीच. वाचलोय ते फक्त वाचनावर. गेल्या वर्षी वाचनात आपण पहिले, वरची दुसरी, फाटकाजवळची तिसरी. बुधवारी समिती एक वर्ग ऐकेल आणि मग एका मुलाला उभं करेल. तेवढं नीट पार पडलं की आपली शाळा राहिली. फाटकाजवळची जाईल."

"एक मूल म्हणजे चिमणीच," ताई म्हणाल्या. जेवायला बसल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या. "दुसरं कोण?"

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला.

"चिमणे, पुस्तक आण," अण्णा उत्साहाने म्हणाले. "नावाड्याचा धडा. आजोबांना ऐकू दे."

चिमणी जेवून उठली होती. तिने पुस्तक आणलं, बरोब्बर पान काढलं, कारण त्या पानावर नावेचं चित्र होतं, आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. काय वाचायची ती पोर! जिथे थांबायचं तिथे थांबायची, जिथे नावाडी हाक मारतो तिथे आवाज लांबवायची. दादा चमचा ठेवून ऐकत बसले. अण्णांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या. एरवी धाकटीही अशीच विरघळली असती. आज तिने लेकीच्या बोटाकडे पाहिलं. चिमणीचा आवाज नदीपार पोचला होता आणि बोट अजून अलीकडच्या काठावरच्या ओळीत रेंगाळत होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. बाळने मान खाली घातली होती. सगळं घर पोरीकडे बघत होतं आणि बाप ताटाकडे.

"शाबास!" अण्णा म्हणाले. "आता कुठल्या समितीची टाप आहे बघू."

*

स्वयंपाकघरात थोरली भांडी घासत होती. धाकटी ताटं घेऊन आत आली आणि नुसती उभी राहिली.

"काय झालं? तुझा चेहरा उतरलाय," थोरली म्हणाली. "माझ्या बोलण्याचा राग आला असेल तर राहू दे. माझ्या वेळेला तू काय काय बोललीस ते मी मनात धरलंय, आणि धरणार."

"धरा," धाकटी म्हणाली. "तुमचंच खरं होतं, वहिनी."

थोरलीचा हात नळाखाली थांबला. इतक्या वर्षांत या घरात तिचं खरं होतं असं कुणी म्हटलं नव्हतं. ती काही विचारणार तेवढ्यात ताई आत आल्या. थोरलीने दोघींकडे पाहिलं, हात पुसले आणि न बोलता बाहेर गेली. ती एवढी समजूतदार असेल असं धाकटीला कधी वाटलं नव्हतं, आणि आज ते कळून तिला अपराध्यासारखं झालं.

"ताई, बुधवारी चिमणीला उभं करू नका."

"का? तिला बरं नाही का?"

"तिला वाचता येत नाही."

ताई हसल्या. खरोखर हसल्या. "आत्ताच तर ऐकलंस."

"पाठ आहे तिला. चार वर्षांची असल्यापासून तुमच्या शाळेत मागे बसतेय. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, सगळी पुस्तकं ऐकून झालीत तिची." धाकटीने दवाखान्यातलं सगळं सांगितलं, काट्यांच्या तक्त्यापासून धूसरपर्यंत. "मी तिला नको असलेला चष्मा लावला हो, ताई. वर्षभर. डोकं दुखतं म्हणाली तर नंबर वाढवला. मी आई आहे की कोण?"

ताईंनी चिमणीला हाक मारली, पुस्तक घेऊन बोलावलं. चित्रावर तळहात ठेवला, आणि पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट टेकवलं.

"हा शब्द सांग, बेटा. एवढाच."

चिमणीने आईकडे पाहिलं, मग पानाकडे. तिचे ओठ हलायला लागले. ताई खाली वाकल्या आणि त्यांनी कान पोरीच्या तोंडाजवळ नेला. चिमणी धडा पहिल्यापासून म्हणत होती. आवाज न करता, शब्दामागून शब्द, एकेक बोट मिटत, मोजत मोजत ती त्या जागेपर्यंत येत होती. मधे कुठे तरी मोजणी चुकली. ती परत नावाड्याच्या घरापासून निघाली.

"पुरे," ताई म्हणाल्या. "पुरे, बेटा. जा, खेळ जा."

चिमणी गेली. ताईंनी पुस्तक मिटलं. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून न वाकलेली बाई धाकटीला एकदम म्हातारी दिसली.

"वर्गात सगळीच पोरं ओठ हलवतात," ताई म्हणाल्या. "मला वाटायचं, मनातल्या मनात वाचतात."

धाकटीला वाटलं होतं, ताई भांडतील, खोटं पाडतील, निदान लेकीचा दोष दाखवतील. तेवढं केलं असतं तरी बरं झालं असतं. बाहेरून चिमणीच्या आणि थोरलीच्या मुलाच्या खेळण्याचा आवाज येत होता.

"सगळी नसतील हो," धाकटी म्हणाली.

"किती आहेत ते मला माहीत नाही. हेच तर." ताईंनी पदराने चेहरा पुसला. "चल बाहेर."

*

बाहेर चहा चालला होता. ताई बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाळ, बुधवारी चिमणी वाचणार नाही. तिला वाचता येत नाही."

अण्णांनी कप ठेवला. दादा म्हणाले, "काय?" थोरलीने धाकटीकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात तिचा चेहरा का उतरला होता ते तिला उलगडलं. फक्त बाळने काहीच विचारलं नाही. न विचारणं इतकं मोठं होतं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"अहो," धाकटी म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता नको."

"माहीत होतं का?"

"गेल्या वर्षी, स्पर्धेच्या वेळी कळलं," बाळ म्हणाला. "पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं म्हणाली. बाकीच्यांच्या लक्षात आलं नाही."

"आणि मी तिला चष्मा लावत होते, तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात." धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चष्म्याचा रंग तुम्ही निवडलात. निळा."

"त्यानं काही बिघडत नाही, नंबर बारीकच..."

"तिचं डोकं दुखायचं!"

दादांना अशा वेळी हटकून विनोद सुचायचा, आज तोही सुचला नाही. बाळ उठला आणि खिडकीशी गेला.

"तुम्हाला वाटतं मी तिचा वैरी आहे," तो पाठमोराच म्हणाला. "येतं गं पुढे. आपोआप येतं. मला नाही का आलं?"

"तुला काय आलं?" अण्णांनी विचारलं.

बाळ वळला. बोलून गेलेलं परत घेता येईल का हे तो बघत असावा. पण वडील त्याच्याकडे रोखून पाहत होते, आणि त्या नजरेपुढे त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे.

"मलाही वाचता येत नव्हतं, अण्णा. चिमणीसारखंच. सगळं ऐकून पाठ."

"कुठल्या इयत्तेपर्यंत?"

"तुमच्या शाळेतून बाहेर पडेपर्यंत."

"तू पहिला यायचास."

"हो."

"मी तुझं उदाहरण द्यायचो वर्गात."

"हो, अण्णा."

अण्णांचा हात कपाकडे गेला आणि कप न उचलताच परत आला. त्यांनी मुलाकडे असं पाहिलं की धाकटीला नवऱ्याचा इतका राग असूनही भडभडून आलं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर हा माणूस उभा होता तीच कुणी पायाखालून ओढून घेतली होती, आणि ओढणारा पोटचा मुलगा होता.

"मग शिकवलं कुणी?" अण्णांनी विचारलं.

"मोठ्या शाळेत गेल्यावर माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. फाटकाजवळच्या शाळेतून आलेला. त्याच्या लगेच लक्षात आलं." बाळ थांबला. "तो म्हणायचा, आमच्याकडे गाडी गेली की बाईंचं काही ऐकू येत नाही. मग जो तो आपापलं पुस्तक वाचतो. वाचावंच लागतं, नाही तर गाडी जाईपर्यंत करायचं काय? त्यानं मला शिकवलं. एकेक अक्षर. मधल्या सुट्टीत, सायकलींच्या मागे."

दादा हळूच म्हणाले, "पुस्तकात डोकी घालून बसलेली असतात खरी. मी रोज बघतो."

"आणि ती शाळा तू शेवटी लावलीस," ताई म्हणाल्या.

"घडाघडा वाचत नाहीत गं ती पोरं! अडखळतात, चाचपडतात. गुण घडाघडा वाचण्याला आहेत. तसा नियमच आहे."

"अडखळतात, कारण ती खरंच वाचत असतात," ताई म्हणाल्या. "बाळ, बुधवारी तू असं कर. पोरांना न पाहिलेलं पान दे. तिन्ही शाळांना एकच. आणि एकेकाला वेगळं बसवून."

"आपली शाळा बंद होईल, ताई."

"मला कळतं."

"तुला काय कळतं? तुझं वय काय? फाटकाजवळच्या शाळेत तुला मदतनीस म्हणून बसवतील. नाही तर घरी. अण्णांचं नाव जाईल. आणि हे सगळं माझ्या सहीनं!" बाळचे डोळे भरून आले होते. "मी वर्षभर रात्रीची झोप घालवून ही शाळा वाचवली आणि तुम्ही दोघी मिळून..."

"अहो, एक बुधवार जाऊ द्या ना," मधेच थोरली म्हणाली. सगळे चपापले. खालच्या शाळेच्या नावाने आजवर नाक मुरडणारी तीच. "अण्णांकडे बघा जरा कुणी तरी. बुधवार होऊ दे, शाळा राहू दे, मग पोरांना शिकवा की नव्यानं. कुणाला सांगायचीच काय गरज आहे?"

"आणि फाटकाजवळची शाळा जाऊ दे?" धाकटी म्हणाली.

"ती आपली आहे का?"

धाकटीला थोरलीचा राग आला नाही. थोरली सासऱ्यांसाठी बोलत होती. ज्यांनी तिच्याशी अबोला धरला त्यांच्यासाठी. आणि ज्या ताईंच्या बाजूने धाकटी आजवर उभी राहिली होती, त्यांचंच आयुष्य उपटून काढायला ती निघाली होती. कोण कुणाचं, हे या घरात एका दुपारी उलटंपालटं झालं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढून मिटत जाणारी ती छोटी बोटं हलेनात. परत परत नावाड्याच्या घरापासून निघणारी.

"उद्यापासून चिमणी चष्मा लावणार नाही," ती म्हणाली. "का लावत नाही असं कुणीही विचारलं, समितीनं विचारलं तरी, मी खरं तेच सांगणार. मग तुम्ही सही कशावर करायची ते तुम्ही ठरवा."

बाळ खुर्चीत बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांच्या आडूनच तो म्हणाला, "देतो. न पाहिलेलं पान देतो."

ताईंनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांनी त्या दोघांकडे पाहिलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते आणि पुटपुटत होते, "सूर चांगला होता. सूर तरी चांगला होता ना?" हो म्हणावं तरी पंचाईत, आणि नाही म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती.

तेवढ्यात दादांची नजर दाराकडे गेली आणि त्यांनी खाकरून सगळ्यांना खूण केली. चिमणी दारात उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. हिला सगळं ऐकूनच पाठ होतं हे माहीत असूनही, या घराने तिच्या कानांचा विचार केला नव्हता.

"माझ्यामुळे आत्याची शाळा बंद होणार?" तिने विचारलं.

"नाही!" सगळे म्हणाले. अण्णा, ताई, दादा, थोरली, बाळ आणि धाकटी. एका दमात, एका सुरात, एक शब्द इकडेतिकडे नाही.

चिमणीने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा फिरून पाहिलं. रडली नाही. त्या सुरात सामील होऊन, काहीच येत नसताना कसं निभावून न्यायचं, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं?

"असं नाही," ती म्हणाली. "एकेकट्यानं सांगा."

आणि ती आधी आजोबांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.